रोजगारदाता हाही शिक्षक : जुन्नर–आंबेगावच्या महाविद्यालयांपुढील एक प्रश्न

शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घातली पाहिजे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र आचरणात आणले. १९४७ मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात गरीब घरची मुले श्रम करीत पदवीपर्यंत पोहोचली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला. या सर्व प्रयत्नांत कामाची जागा मात्र बहुधा संस्थेच्या आवारातच राहिली. शेत संस्थेचे, कर्मशाळा संस्थेची आणि देखरेखही संस्थेच्याच शिक्षकांची, अशी ती व्यवस्था होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे विद्यार्थ्याला आवाराबाहेर पडणे आवश्यक झाले आहे. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना २०२३–२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतील पदवी वर्गांना २०२४–२५ पासून नवी रचना लागू झाली. तीत कार्यप्रशिक्षण, आंतरवासिता आणि क्षेत्रप्रकल्प यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. आंतरवासितेच्या एका श्रेयांकास सुमारे तीस तासांचे काम, असा हिशोब विद्यापीठ अनुदान आयोगाने मांडला आहे. म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास झाले. एका वर्गात साठ विद्यार्थी असतील, तर त्या एका वर्गासाठी ७,२०० तासांचे काम शोधावे लागेल. हे तास कोणाच्या दारी मिळणार? त्या दारी विद्यार्थी खरोखर काही शिकणार, की शिक्का मारलेला कागद घेऊन परतणार? ग्रामीण भागातील महाविद्यालयांपुढे आज हा प्रश्न उभा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार येथे केला आहे.

जुन्या परंपरेतील एक धडा

जुन्नर हे प्राचीन काळापासून उद्योग-व्यापाराचे नगर होते. नाणेघाटातून कोकणातील बंदरांकडे जाणारा मार्ग येथूनच निघे. परिसरातील लेण्यांत सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे जे शिलालेख आहेत, त्यांत व्यावसायिकांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. दुसऱ्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे रक्कम गुंतविल्याचा उल्लेख आहे. धर्मकार्यासाठी ठेव स्वीकारण्याइतकी पत ज्या व्यावसायिक संघांची होती, ते किती सुसंघटित असतील याची यावरून कल्पना येते.

त्या काळी कारागिरी शिकण्याची रीत काय होती, हे नारदस्मृतीत पाहावयास मिळते. शिल्प शिकू इच्छिणाऱ्यास तेथे ‘अंतेवासी’ म्हटले आहे. त्याने आप्तांच्या संमतीने आणि मुदत ठरवून आचार्याच्या घरी राहावे. आचार्याने त्याला जेवू घालावे, पुत्रवत वागवावे, विद्या शिकवावी आणि दुसऱ्या कामास जुंपू नये, असा तो नियम आहे. शिष्य लवकर तयार झाला, तरी त्याने ठरलेली मुदत पुरी करावी आणि त्या काळातील कामाचे फळ आचार्यास द्यावे, असेही सांगितले आहे.

या नियमात दोन्ही बाजूंचा विचार आहे. शिकविणाऱ्याला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळतो आणि शिकणाऱ्याला हमालीपासून संरक्षण मिळते. आजच्या कोणत्याही करारात या दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. यांपैकी पहिली विसरली, तर मालक दार उघडत नाही. दुसरी विसरली, तर विद्यार्थी चहाचे पेले आणि झेरॉक्सचे कागद यांतच अडकून पडतो.

कायद्याची चौकट

आधुनिक काळात हे नाते शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ या कायद्याने बांधले. प्रारंभी तो कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, १९८६ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षण घेतलेले विद्यार्थी आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. त्यामुळे वाणिज्य किंवा कला शाखेची पदवी घेतलेला तरुणही आज शिकाऊ उमेदवार होऊ शकतो. ही गोष्ट अनेक प्राध्यापकांच्या आणि त्याहून अधिक मालकांच्या ध्यानात आलेली नसते.

२०१९ च्या सुधारित नियमांनी तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. चार ते एकोणतीस मनुष्यबळ असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले. उमेदवारांचे प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असावे, असे ठरले. समजा, एखाद्या कारखान्यात ४०० माणसे आहेत. तर तेथे किमान दहा आणि कमाल साठ उमेदवारांना जागा असू शकते. त्याच वर्षी उमेदवाराचे किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवारी आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली आंतरवासिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत नोंदणीकृत करार, विद्यावेतन आणि कायदेशीर जबाबदाऱ्या येतात. दुसरी ही महाविद्यालय, विद्यार्थी आणि रोजगारदाता यांच्यातील शैक्षणिक व्यवस्था असते. मालकाशी बोलताना या दोहोंची सरमिसळ झाली, की तो बिचकतो. ‘उद्या हा मुलगा कायम नोकरी मागेल काय?’ ही त्याची पहिली शंका असते. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन करारात तसे कलम नसेल तर मालकावर नाही, ही अधिनियमातील तरतूद त्याला समजावून सांगितली पाहिजे. तितक्याच स्पष्टपणे ती विद्यार्थ्यालाही सांगितली पाहिजे. २०२४ मध्ये राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि हजारो तरुण सहा महिन्यांसाठी विविध आस्थापनांत दाखल झाले. पुढे प्रशिक्षणाची मुदत वाढविण्यात आली, तरी ‘नंतर काय?’ हा प्रश्न प्रशिक्षणार्थींनी वारंवार विचारला. मुदतीनंतरचे चित्र पहिल्याच दिवशी स्पष्ट असणे किती आवश्यक आहे, हे या अनुभवावरून दिसते.

या दोन तालुक्यांतील रोजगारदाते

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथे कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये आहेत. अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. तेथे शासकीय तंत्रनिकेतनही आहे. शिक्षणाची सोय अशी झाली. पण ‘आमच्याकडे उद्योगच नाहीत, मुलांना पाठवायचे कोठे?’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते.

तिच्यात तथ्य आहे. खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीला आकाशातील अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपावयाच्या असतात. त्यांत व्यत्यय येऊ नये म्हणून या परिसरात उद्योग उभारण्यावर मर्यादा आहेत. त्यामुळे चाकण किंवा रांजणगावसारखी मोठी औद्योगिक वसाहत या दोन तालुक्यांत नाही. मात्र औद्योगिक वसाहत नसणे आणि रोजगारदाते नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. मंचरजवळ पराग मिल्क फूड्सचा मोठा दुग्धप्रकल्प आहे. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोची उलाढाल होते, तर मंचर, आळेफाटा व ओतूर येथे कांद्याची. सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. नारायणगावास कृषी विज्ञान केंद्र व राज्य परिवहनाचे आगार आहे. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे, घोडेगावास एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे व त्यांचे कालवे याच भागात आहेत. पुणे–नाशिक महामार्गावर ट्रॅक्टर व मालवाहू वाहनांच्या दुरुस्तीची गॅरेजे आहेत. गावोगाव हरितगृहे, रोपवाटिका, पतसंस्था आणि विविध कार्यकारी सोसायट्या आहेत. शिवनेरी, लेण्याद्री व ओझर यांमुळे पर्यटकांची वर्दळ असते. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जाही मिळाला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. व्यवहार, करार आणि लोककला यांचे एकत्र दर्शन घडविणारी ती कचेरीच आहे. वाणिज्याच्या व मराठीच्या विद्यार्थ्याला तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

तेव्हा रोजगारदाते आहेत. पण ते लहान, विखुरलेले आणि हंगामी आहेत. त्यांच्याशी बोलण्याची रीतही मोठ्या कंपनीशी बोलण्याच्या रीतीहून वेगळी असावी लागते.

मालक मागे का सरतो?

महाविद्यालयाकडून सामान्यतः एक छापील पत्र जाते : ‘आमच्या पंचवीस विद्यार्थ्यांना आपल्या आस्थापनेत प्रशिक्षणाची संधी द्यावी, ही विनंती.’ या पत्रात मालकाला न सुटणारे चार प्रश्न असतात. या मुलांनी नेमके काय करावयाचे? त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी माझा कोणता माणूस कामावरून मोकळा करू? कोणाला इजा झाली तर जबाबदार कोण? आणि माझ्या हिशोबाच्या वह्या, माझे ग्राहक यांची माहिती बाहेर गेली तर? उत्तरे नसल्यामुळे तो एकतर नकार देतो, किंवा ओळखीखातर होकार देऊन शेवटी सही-शिक्का करून मोकळा होतो.

हा दुसरा प्रकार नकारापेक्षा अधिक घातक आहे. काम न करता मिळालेल्या प्रमाणपत्राने विद्यार्थ्याचे तास वाया जातात. पुढे त्याला खरोखर कामावर घेणाऱ्याची फसवणूक होते. मालकाच्या मनात महाविद्यालयाविषयी जी थोडी आस्था असते, तीही जाते. पुढच्या वर्षी खरे काम करू पाहणाऱ्या मुलालाही मग त्याच नजरेने पाहिले जाते.

हे टाळावयाचे, तर महाविद्यालयाने मालकाकडे जागा न मागता काम मागावे. ‘आपल्याकडे असे कोणते काम आहे, जे करावयास हवे हे आपणांस पटते, पण त्यासाठी माणूस मिळत नाही?’ असा प्रश्न विचारला, की संभाषणाचा सूर पालटतो. प्रत्येक आस्थापनेत अशी कामे असतात.

कामे कोणती आणि केव्हा?

साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. गाळप हंगामापूर्वी कोणत्या क्षेत्रातील ऊस कधी पक्व होईल, हे पाहण्यासाठी शेतोशेती जाऊन रसाचा ब्रिक्स तपासावा लागतो. हे काम सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये येते आणि त्याला पुष्कळ हात लागतात. रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ते शिकू शकतात. हंगाम सुरू झाल्यावर, साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, प्रयोगशाळा तिन्ही पाळ्यांत चालते. तेथे ब्रिक्स, पोल, शुद्धता यांच्या नोंदींतून पृथक्करणाचे शास्त्र हाताखाली येते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र हंगाम संपल्यावर जावे. मिलचे रोलर उतरविले जातात, पंप आणि झडपा खोलल्या जातात, तेव्हा यंत्राचे अंतरंग दिसते. चालू गाळपात त्याला फक्त गोंगाट ऐकू येईल.

टोमॅटोच्या बाजारात उन्हाळ्यात वर्दळ वाढते. सुमारे वीस किलोच्या क्रेटवर तेथे व्यवहार होतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव अभूतपूर्व चढले, तेव्हा याच बाजाराकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. आवक, प्रतवारी आणि दर यांची रोजची नोंद आठ आठवडे सातत्याने ठेवून तिचा आलेख काढणे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम काम आहे. शेतकरी आणि बाजार समिती या दोघांनाही त्याचा उपयोग होईल. पतसंस्थांमध्ये ३१ मार्चनंतर ताळेबंद आणि लेखापरीक्षणाची तयारी चालते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तेव्हा तेथे असावे. पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत बाळहिरडा गोळा होतो. ओल्या मालाचे वाळल्यावर वजन किती उरते आणि प्रतवारीने दरात काय फरक पडतो, याच्या नोंदी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ठेवल्या, तर हिरडा वेचणाऱ्या कुटुंबांना भाव ठरविताना त्या हाताशी राहतील.

ही कामे पाहिली, की अडचणही दिसते. बाजार, हिरडा आणि ताळेबंद यांचा हंगाम ज्या एप्रिल-मे महिन्यांत येतो, तेव्हाच विद्यापीठाच्या परीक्षा असतात. म्हणून १२० तासांची मांडणी लवचिक हवी. रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस काम केले, तर पाच आठवडे लागतात. आठवड्यातून एक पूर्ण दिवस, म्हणजे आठ तास दिले, तर तेच काम पंधरा आठवड्यांत होते. प्रयोगशाळेसाठी व पतसंस्थेसाठी दुसरी रीत सोयीची. यंत्रदुरुस्तीसाठी सलग पाच आठवडेच हवेत. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षारंभी परिसरातील रोजगारदात्यांचे हंगामी पत्रक तयार करावे आणि त्यावरून आपले वेळापत्रक आखावे.

शेजारचे उदाहरण : पाबळ

आंबेगावच्या सीमेलगत शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. काम करता करता शिकणे हीच माणसाची नैसर्गिक शिक्षणपद्धती आहे, ही त्यांची धारणा होती. आश्रमात वेल्डिंग, बांधकाम, विजेचे काम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कौशल्ये शिकविली जातात. आश्रमाने शाळांसाठी तयार केलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाला माध्यमिक शालान्त मंडळाची मान्यता मिळाली. आठवड्यातील एक दिवस मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन या चार क्षेत्रांतील कामे करतात.

या प्रयोगातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक, शिकविणारे निदेशक पुष्कळदा गावातीलच कुशल कारागीर असतात. ज्याचा हात चालतो, तो शिक्षक होतो. त्याच्याकडे पदवी आहे की नाही, हे दुय्यम ठरते. दुसरी, विद्यार्थी गावकऱ्यांसाठी खरीखुरी कामे करतात आणि त्यांचा मोबदला घेतात. फाटक नीट बसले नाही, तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. त्यामुळे कामाची परीक्षा आपोआप होते. महाविद्यालयांनीही आळेफाट्याच्या गॅरेजमधील मिस्त्रीला किंवा हरितगृहाच्या जाणत्या शेतकऱ्याला मानधन देऊन ‘मार्गदर्शक’ म्हणून पाचारण करावे. ज्याला वर्गात सन्मानाने बोलाविले जाते, तो आपल्या गॅरेजचे दारही आनंदाने उघडतो.

लहान मालकांनी एकत्र यावे

जर्मनीतील व्यवसाय शिक्षणाची दुहेरी पद्धती जगप्रसिद्ध आहे. विद्यार्थी आठवड्यातील तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. १९६९ च्या कायद्याने तिला भक्कम आधार दिला. परीक्षा व्यापारी-उद्योजकांच्या मंडळांकडून घेतल्या जातात, म्हणून प्रमाणपत्राला बाजारात किंमत असते. आपल्यासाठी विशेष बोधप्रद आहे ती तेथील संयुक्त प्रशिक्षणाची सोय. एखादी लहान आस्थापना संपूर्ण व्यवसाय शिकवू शकत नसेल, तर दोन-तीन आस्थापना मिळून एका उमेदवाराचे शिक्षण वाटून घेतात.

नारायणगाव किंवा मंचर परिसरात हे सहज शक्य आहे. शेतमालाची बाजारव्यवस्था शिकणारा विद्यार्थी एक महिना रोपवाटिकेत, एक महिना बाजार समितीच्या आवारात आणि एक महिना शीतगृहात वा प्रक्रिया केंद्रात राहिला, तर बियाण्यापासून ग्राहकापर्यंतची साखळी त्याच्या ध्यानात येईल. कोणत्याही एका मालकावर भार पडणार नाही. जेथे श्रेणींनी लेणी कोरवून घेतली, तेथील आजच्या व्यापारी संघांना आणि सहकारी संस्थांना हे अशक्य वाटू नये.

मुलींचा आणि अंतराचा प्रश्न

या योजनेची कसोटी लागणार आहे ती दूरच्या गावांतील मुलींच्या बाबतीत. भीमाशंकरच्या डोंगराकडील गावातून घोडेगावला येणारी विद्यार्थिनी एसटीच्या वेळांना बांधलेली असते. तिला सायंकाळी सहानंतरची पाळी देणे म्हणजे तिला वगळणेच होय. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतीमुळे बिबट्यांचा वावर वाढला आहे आणि अंधारात पायी जाणे धोक्याचे झाले आहे, हेही विसरून चालणार नाही. म्हणून मुलींच्या कामाची वेळ परतीच्या गाडीवरून ठरवावी. आस्थापनेत स्वच्छतागृह आहे काय, स्त्री कर्मचारी आहेत काय आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे प्राध्यापकांनी आधी स्वतः जाऊन पाहावे. सोयीची जागा नाही म्हणून मुलींना ‘घरी बसून प्रकल्प लिहा’ असे सांगणे, हा त्यांच्या शिक्षणावरील अन्याय होय.

प्रवासखर्चाचेही तसेच आहे. ज्या घरात उन्हाळ्यात हिरडा वेचून वर्षाचा खर्च भागवावा लागतो, त्या घरच्या मुलाला पाच आठवडे बिनपगारी काम परवडत नाही. त्याला विद्यावेतन, निदान प्रवासभाडे व एक वेळचे जेवण मिळाले पाहिजे. अंतेवासीला जेवू घालण्याचा जुना नियम येथे आठवावा.

एका पानाचा करारनामा

महाविद्यालय, रोजगारदाता आणि विद्यार्थी यांच्यात मराठीत, एका पानात मावेल असा करारनामा असावा. त्यात पुढील बाबी असाव्यात :

१. विद्यार्थी कोणते काम करील आणि त्यातून कोणती तीन कौशल्ये शिकेल.

२. कोणती कामे त्याला सांगितली जाणार नाहीत. धोक्याची यंत्रे एकट्याने हाताळणे आणि निव्वळ हमालीची कामे यांचा येथे स्पष्ट उल्लेख व्हावा.

३. कामाचे दिवस, वेळा आणि एकूण तास.

४. आस्थापनेतील मार्गदर्शकाचे नाव. त्याने आठवड्यातून निदान एक तास विद्यार्थ्याच्या वहीवरून चर्चा करावी.

५. विद्यावेतन किंवा प्रवासखर्च किती आणि तो कोण देणार.

६. अपघात विमा कोणी उतरविला आणि सुरक्षेची साधने कोण पुरविणार.

७. आस्थापनेची कोणती माहिती गोपनीय राहील.

८. मुदतीनंतर नोकरीचे आश्वासन आहे किंवा नाही.

मूल्यमापनासाठी हजेरीपत्रकापेक्षा विद्यार्थ्याची रोजनिशी आणि त्याने पुरे केलेले काम पाहावे. अखेरीस मार्गदर्शकासमोर त्याने दहा मिनिटे ते काम करून दाखवावे. जो ब्रिक्स काढून दाखवितो, त्याला प्रमाणपत्र मागावे लागत नाही.

पंचायतीही रोजगारदात्याच आहेत

या चर्चेत ग्रामपंचायतींना केवळ शिफारसपत्र देणाऱ्या मानणे बरोबर नाही. पंचायतीचे दप्तर तेहतीस नमुन्यांत ठेवले जाते. नमुना आठमधील कर आकारणी, मागणी व वसुली, पाणीपुरवठ्याच्या नोंदी यांतून वाणिज्याच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्थानिक शासनाचे जे ज्ञान मिळेल, ते पाठ्यपुस्तकातून मिळणे कठीण आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी जलसुरक्षकाबरोबर गावातील पाण्याची क्लोरीन तपासणी करू शकतात. भूगोलाचे विद्यार्थी गावातील विहिरींची पाणीपातळी महिन्याला मोजू शकतात. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना असे काम देण्याचा ठराव प्रत्येक मोठ्या पंचायतीने केला, तर दोन्ही तालुक्यांत शेकडो तासांची सोय कोणत्याही कारखान्यावाचून होईल.

अधिकाऱ्यांनी आपापल्या कार्यालयांचाही असाच विचार करावा. तीसहून अधिक मनुष्यबळ असलेल्या स्थानिक आस्थापनांची यादी, जिल्ह्यातील मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्राच्या साहाय्याने, महाविद्यालयांना उपलब्ध व्हावी. तालुका पातळीवर प्राचार्य, कारखान्यांचे व बाजार समित्यांचे प्रतिनिधी, कृषी विज्ञान केंद्र, आदिवासी विकास प्रकल्प आणि पंचायत समिती यांची बैठक वर्षातून दोनदा घ्यावी. पहिली जूनमध्ये, कामांची मागणी नोंदविण्यासाठी. दुसरी मार्चअखेर, काय साधले आणि काय फसले हे पाहण्यासाठी. फसलेल्या जागांची नोंद या बैठकीत निःसंकोचपणे व्हावी. एखाद्या आस्थापनेत मुलांना काहीच शिकावयास मिळाले नाही, तर पुढच्या वर्षी तेथे मुले पाठवू नयेत. आणि महाविद्यालयाने पाठविलेली मुले चार दिवसांत पळाली असतील, तर प्राचार्यांनी तेही ऐकून घ्यावे.

समारोप

दरवर्षी या दोन तालुक्यांतून पदवी घेतलेली मुले पुण्याची आणि चाकणची वाट धरतात. त्यांनी जाऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण ती जाताना हातात एखादे सिद्ध झालेले कौशल्य घेऊन गेली, तर मोठ्या कारखान्याच्या फाटकावर त्यांची किंमत वाढेल. आणि ज्यांना येथेच राहावयाचे आहे, त्यांना आपल्याच गावात कोणती कामे खोळंबली आहेत, हे कळलेले असेल. त्यासाठी प्राध्यापकाला वर्गाबाहेर पडून कारखान्याच्या, बाजाराच्या आणि पंचायतीच्या पायऱ्या चढाव्या लागतील. मालकाला आठवड्यातील एक तास एका मुलासाठी काढावा लागेल. हे दोघे एका टेबलाशी बसून नेमके काम, नेमकी वेळ आणि नेमकी जबाबदारी ठरवतील, तर १२० तासांतला एकही तास वाया जाणार नाही. येत्या शैक्षणिक वर्षाची सुरुवात अशा पहिल्या बैठकीने करण्यास हरकत नसावी.